काचेचा दोष, छायाचित्राचा गुण?

शंकेखोर: जुन्या मॅन्युअल लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला लावायची जी हौस गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली, तिच्याबद्दल माझी तक्रार सरळ आहे. भिंगं घडवणाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षं ज्या दोषांशी झुंज घेतली, तेच दोष तुम्ही लाखभराचा कॅमेरा घेऊन परत आणता. कडांचा मऊपणा, समोरून उजेड आला की सगळ्या चित्रावर पसरणारी दुधाळ झाक, आभाळासमोरच्या फांदीला लागलेली जांभळी किनार. हे घालवण्यासाठी अ‍ॅस्फेरिकल भिंगं आली, नव्या जातीच्या काचा आल्या, काचेवर थरांवर थर देणारं कोटिंग आलं. आजची साधी ५० मिलिमीटरची लेन्स माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरते, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या हुकुमावर उघडते-मिटते आणि कोणत्या आकड्यावर फोटो निघाला याची नोंद फाइलमध्ये ठेवते. तुमची जुनी लेन्स कॅमेऱ्याशी एक शब्द बोलत नाही. मेन्यूत शिरून ‘लेन्स नसली तरी शटर चालू दे’ असं आधी सांगावं लागतं, कारण कॅमेऱ्याच्या लेखी समोर लेन्स नाहीच. एवढं सोसून हाती जे येतं त्याला तुम्ही लेन्सचा स्वभाव म्हणता. मला एवढंच सांगा, यातून असं काय मिळतं जे फोटोत आहे, नुसतं फोटो काढणाऱ्याच्या मनात नाही?

हौशी: सांगतो, पण तुमच्या बोलण्यातलं एक गृहीत आधी बाजूला काढू या. तुम्ही याला गेलेल्या काळाचं वेड समजता. तसं असतं तर लोकांनी जुने कॅमेरे आणि फिल्मचे रोल धरले असते. काही जण धरतातही, पण तो वेगळा संप्रदाय. जुन्या लेन्स परत आल्या त्या एका मोजमापामुळे. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत किती अंतर असावं, हे प्रत्येक माउंटसाठी ठरलेलं असतं. ड्रेस्डेनमध्ये १९४९च्या सुमारास रूढ झालेल्या एम४२ या आट्यांच्या माउंटसाठी ते ४५.४६ मिलिमीटर, निकॉनच्या १९५९च्या एफ माउंटसाठी ४६.५, कॅननच्या १९८७च्या ईएफसाठी ४४. लेन्स ठरल्यापेक्षा दूर बसली की लांबचा डोंगर फोकसमध्ये येतच नाही. म्हणून एम४२ची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर अगदी टेकवून बसवली तरी एक मिलिमीटर लांबच राहते आणि क्षितिज हरवतं. कॅननवर मात्र १.४६ मिलिमीटरची फट उरते, तेवढ्या जाडीची चकती केली की झालं. पुढे २००८ साली पॅनासॉनिकनं डीएसएलआरमधला आरसा काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला, लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा आणला, आणि आरशासाठी राखलेली जागाच मोकळी झाली. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर. ४५.४६ मधून १८ गेले, २७.४६ उरले. तेवढ्या लांबीची पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडॉप्टर. तिच्यात काच नाही, तार नाही, काही बिघडायला नाही. २०१३ साली त्याच माउंटवर ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेला ए७ आला, आणि या लेन्स ज्या चौकटीसाठी घडल्या होत्या ती चौकट त्यांना पुन्हा मिळाली.

दुसरी गोष्ट नजरेची. डीएसएलआरचा काचेचा पडदा ऑटोफोकसच्या सोयीसाठी उजळ केलेला होता. जुन्या एसएलआरमध्ये मधोमध दुभंगलेली प्रतिमा जुळवायचा जो गोल असे तो त्यातून गेला होता, आणि एफ/१.४ वर फोकस नेमका कुठे आहे हे डोळ्याला कळतच नसे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये माणसाची एक पापणी अख्ख्या चौकटीएवढी मोठी करून पाहता येते. सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर शोषतो, फक्त लेन्सची फोकल लेंग्थ मेन्यूत भरायची. १९७० साली अशी लेन्स वापरणाऱ्याला यातलं काहीच मिळत नव्हतं. तेव्हा आम्ही मागे चाललोय असं म्हणू नका. ही जोडी पूर्वी कधी अस्तित्वातच नव्हती.

शंकेखोर: शक्य कसं झालं ते समजलं. का करावं ते नाही समजलं. शिवाय ही जोडी नवी आहे, हे तुमचंच विधान तुमच्या गळ्यात येतं. फिल्म आणि सेन्सर यांवर प्रकाश पडतो, साम्य तिथेच संपतं. सेन्सरवर काचेचं आवरण असतं, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते दोनेक मिलिमीटर जाड असतं. जुन्या लेन्सच्या आराखड्यात ही काच धरलेलीच नाही. किरण सरळ आला तर फारसं बिघडत नाही, पण तिरका आला की कोपऱ्यातला तपशील फासल्यासारखा होतो. लायकानं २००६ साली स्वतःच्याच जुन्या लेन्ससाठी एम८ काढला तेव्हा हे आवरण मुद्दाम पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवलं. त्याचा परिणाम असा की अवरक्त किरण आत शिरले, काळं कृत्रिम कापड जांभळं दिसू लागलं आणि कंपनीला गिऱ्हाइकांना वेगळे फिल्टर वाटावे लागले. घरच्याच लेन्सशी जुळवून घेताना ही त्रेधा, तर परक्यांचं काय? सेन्सर चकचकीतही असतो. तो उजेड मागे फेकतो, मागच्या भिंगावर तसं कोटिंग नसेल तर तो पुन्हा सेन्सरवर येतो आणि चित्राच्या मधोमध फिकट डाग उमटतो. म्हणजे जुन्या लेन्सचा म्हणून तुम्ही जो स्वभाव मिरवता, त्यातला काही भाग तिचा नाहीच. तो दोन न जुळणाऱ्या वस्तूंमधला तंटा आहे.

लेन्सच्या अंगावर कोरलेली ती फोकसच्या पट्ट्याची खूण घ्या. अमुक आकड्यावर अमुक ते अमुक अंतर स्पष्ट दिसेल, असं ती सांगते. त्यामागे समजूत अशी की ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. मध्यम आकाराच्या प्रिंटला हे ठीक होतं. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. खूण ज्याला स्पष्ट म्हणते तो ठिपका इथे पाच पिक्सेलांवर पसरलेला आहे. लेन्सवरचा आकडासुद्धा दुसऱ्याच जगाचा आहे.

हौशी: तुमचा पुरावा खरा आहे, पण तो सगळ्या जुन्या लेन्सना सरसकट लागू नाही. तिरक्या किरणांची कटकट होते ती रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्समध्ये, कारण त्यांचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ जायचं. एसएलआरच्या लेन्सना आरशासाठी लांब राहणं भाग होतं. त्यामुळे त्यांचे किरण सेन्सरवर बरेच सरळ पडतात, आणि बाजारात ज्या जुन्या लेन्स हातोहात फिरतात त्यांतल्या बहुतेक एसएलआरच्याच आहेत. ते मधोमधचे डाग दिसतात, नाही म्हणत नाही, पण कोणत्या लेन्सला आणि कोणत्या आकड्यावर, ते दोन-चार फोटोंत कळतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. हेलिओस ४४-२ घ्या. ५८ मिलिमीटर, एफ/२, चार गटांत सहा भिंगं. मूळ आराखडा येना इथल्या झाइसच्या बायोटारचा, विली मेर्टेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसमधली यंत्रं आणि माणसं सोव्हिएत संघात नेली गेली, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्या आराखड्यातून १९५८च्या सुमारास हेलिओस निघाली. पुढे ती झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखोंनी बनली. या लेन्सनं एफ/२ वर दीडदोन मीटरवरच्या माणसाचा फोटो घ्या, मागे चार-सहा मीटरवर झाड असू द्या, पानांतून ऊन झिरपत असू द्या. पानांमधल्या उजेडाचे ठिपके मध्यभागी गोल दिसतात, पण कडेकडे लिंबासारखे निमुळते होत जातात, आणि प्रत्येक लिंबू असं वळलेलं असतं की सगळे मिळून त्या माणसाभोवती भोवऱ्यासारखे फिरताना वाटतात. कारण उघड आहे. तिरका येणारा झोत पुढच्या आणि मागच्या भिंगाच्या चौकटीवर कापला जातो, त्यानं गोलाचं लिंबू होतं. त्यात न सुधारलेला अ‍ॅस्टिग्मॅटिझम मिळतो आणि ते लिंबू आणखी ताणलं जातं. एफ/४ ला आलात की झोत आतल्या पात्यांनीच अरुंद होतो, कडेवर कापायला काही उरत नाही, भोवरा गायब. छोट्या सेन्सरचा कॅमेरा घेतला तरी गायब, कारण त्यात चौकटीच्या कडाच कातरल्या जातात. हे माझ्या मनात नाही. ते फोटोत आहे, मोजता येतं, हवं तेव्हा आणता येतं.

शंकेखोर: मोजता येतं म्हणूनच तो दोष आहे, एवढं तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत. त्याला चालना कशी मिळाली तेही पाहा. योझेफ पेट्झवालनं व्हिएन्नात १८४० साली चेहऱ्यांसाठी जी लेन्स काढली तिच्या कडा अशाच गरगरत. त्या काळी तिचं कौतुक होतं ते ती भरपूर उजेड आत घेई म्हणून, आणि कडांकडे लोक काणाडोळा करत. लोमोग्राफीनं २०१३ साली तिची नवी आवृत्ती लोकवर्गणीतून काढली, बनवून घेतली झेनिटच्याच कारखान्यात, आणि जाहिरातीत पुढे केलं ते कडांचं गरगरणं. पाठोपाठ मायर ऑप्टिकचं ट्रायोप्लान आलं, पार्श्वभूमीत साबणाच्या फुग्यांसारखी कडा उजळ असलेली वर्तुळं देणारं. ती उजळ कडा म्हणजे गोलीय दोष गरजेपेक्षा जास्त सुधारल्याची खूण. ते नाव पुन्हा बाजारात आणणारी कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत गेली, पण मागणी गेली नाही. नव्या कापडाला मुद्दाम चुण्या पाडून वर जास्त दाम लावण्याचा हा धंदा. बरं, मागणी आहे म्हणावं तर तिच्यातून निघणारे फोटो पाहा. समोर एक चेहरा, मागे पानं, पानांत ऊन. हेलिओसचे शंभर फोटो शेजारी शेजारी लावले तर माणसं बदलतात, फोटो बदलत नाही. लेन्सचा दोष हाच फोटोचा विषय होऊन बसला आहे. आणि नुसता दोषच हवा असेल तर तो संगणकावर नंतरही घालता येतो. फोनचा पोर्ट्रेट मोड मागचं सगळं पुसट करतोच आहे. काचेची गरज काय?

हौशी: शंभर फोटो सारखे दिसतात, हे मान्य. त्यावर माझ्याकडे बचाव नाही. काचेची गरज मात्र आहे. दोन मीटरवरची बट आणि तिच्यामागे पाच मीटरवरची फांदी यांच्यावर लेन्स सारखा परिणाम करत नाही. प्रत्येक वस्तूचं अंतर आणि प्रत्येक किरणाची दिशा प्रकाशाबरोबरच येते, त्यानुसार धूसरता ठरते. फोटो निघाला की ही माहिती सपाट होते. फोन ती अंदाजानं परत उभी करतो आणि बटेपाशी, चष्म्याच्या काडीपाशी, पेल्याच्या पारदर्शक कडेपाशी हमखास फसतो. फाइलवर नंतर लावलेला परिणाम सगळ्या चित्राला सारखा लागतो. लेन्सचा दोष त्या जागेतून, त्या उजेडातून घडतो.

आणि तुम्ही जी निर्दोष लेन्स तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातलीत ती आहे कुठे? कॅननची आरएफ १६ मिलिमीटर एफ/२.८ ही लहानशी, परवडणारी लेन्स सरळ रेषा चांगल्याच वाकवते, आणि कॅमेरा ती रेष गणित करून सरळ करतो. त्यात कोपरे ताणले जातात, पण ते गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं. हा अपवाद नव्हे. आज कितीतरी लेन्सचा आराखडाच असा असतो की अमुक दोष काचेनं सुधारायचा आणि अमुक सॉफ्टवेअरवर सोडायचा. त्यानं लेन्स हलकी आणि स्वस्त होते, माझी हरकत नाही. पण मग जुन्या लेन्सचा दोष तेवढा गावंढळ आणि नव्या लेन्सचा दोष तेवढा सुसंस्कृत, असं नका म्हणू.

शिवाय जुनी म्हणजे सदोष, हे समीकरणही चुकीचं आहे. असाहीच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ या लेन्सच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरली होती. थोरियमनं काच प्रकाशाला जास्त वाकवते आणि रंग तुलनेनं कमी फाकवते, म्हणून त्या काळी ती अव्वल काच. ही लेन्स पूर्ण उघडली तर उजळ जागांभोवती हलकी झळाळी येते, एफ/८ ला नेली तर आजच्या लेन्सपासून ती ओळखून काढायला मोठी प्रिंट आणि बारीक नजर लागेल. ज्याच्याकडे कॅमेऱ्याच्या बॉडीपुरतेच पैसे आहेत त्याला एक जुनी ५०ची, एक १३५ची लेन्स घेऊन शिकता येतं. यात वेड कसलं?

शंकेखोर: एफ/८ ला ती आजच्यासारखी असेल तर तिथे तिचा स्वभाव संपला. एफ/१.४ ला स्वभाव आहे, पण तिथे दोषही आहे. दोन्ही बाजूंनी श्रेय घेता येणार नाही. पैशांची गोष्ट काढलीत ते बरं झालं. त्याच थोरियमच्या किरणोत्सर्गानं ती काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते, चहाच्या रंगापर्यंत. ती उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवून उतरवावी लागते. सोव्हिएत लेन्समधलं ग्रीस सुकून फोकसची रिंग जड होते. कोणी आधी उघडून बसवली असेल आणि एक भिंग केसभर तिरकं बसलं असेल तर चित्राची एक बाजू कायम मऊ येते, आणि विकत घेणारा त्यालाच स्वभाव समजतो. आपल्याकडची भर वेगळीच. किनारपट्टीचा पावसाळा लेन्सला सोसत नाही. मुंबईत बोरा बाजारात जुनी लेन्स हातात घेतली की जाणकार आधी आत टॉर्च मारून बघतो तो फंगससाठी. कोळ्याच्या जाळ्यासारखे ते तंतू वेळीच पुसले तर ठीक, नाहीतर त्यांतून पाझरणारं आम्ल कोटिंग खातं आणि काच साफ झाल्यावरही त्यांची नक्षी राहून जाते. मग सिलिका जेल, मग हवाबंद डबा, मग ड्राय कॅबिनेट. शिवाय असली लेन्स उघडून नीट बसवणारे कारागीर उरलेत किती? स्वस्त लेन्सचा हिशेब पहिल्या पावसाळ्यानंतर मांडायचा असतो.

फोकसचंही तेच. ५० मिलिमीटर, एफ/१.४, दीड मीटरवर माणूस. जुन्या ०.०३ मिलिमीटरच्या मापानं स्पष्टतेचा पट्टा येतो साडेसात सेंटिमीटरचा. पिक्सेलच्या मापानं तो जेमतेम दीड सेंटिमीटर उरतो. माणूस श्वास घेताना एवढा हलतो. लग्नात अंतरपाट बाजूला होतो तो क्षण तुम्ही रिंग फिरवत पकडणार? जे फोटो हुकतात ते कोणी दाखवत नाही, म्हणून ही पद्धत आहे त्यापेक्षा बरी भासते. ‘हातानं फोकस केला की माणूस सावकाश बघायला शिकतो’ हे तर मला अजिबात पटत नाही. सावकाश बघणारा ऑटोफोकसनंही सावकाश बघतो. आणि नव्या लेन्सचंही ऑटोफोकस बंद करता येतं.

हौशी: सावकाशीचा मुद्दा मी मांडणार नव्हतोच, तो भजनी मंडळींना देऊन टाकू. पण ‘बंद करता येतं’ म्हणालात, तिथे एक फरक निसटतो. बहुतेक नव्या मिररलेस लेन्सची फोकसची रिंग भिंगांशी जोडलेलीच नसते. ती फिरवली की मोटरला संदेश जातो. अनेकदा रिंग भराभर फिरवली तर फोकस जास्त सरकतो, हळू फिरवली तर कमी, आणि दोन्ही टोकांना ती अडत नाही. जुन्या लेन्समध्ये पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकमेकांत फिरतात. अमुक एवढं वळण म्हणजे अमुक अंतर, आजही आणि उद्याही. २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवा, रिंग ३.३ मीटरवर लावा. दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तुमच्या पाच पिक्सेलांच्या हिशेबानं थोडं कमी येईल, तर एफ/११ वर जा. रस्त्यावर फोटो काढताना फोकस करावाच लागत नाही, आणि त्याहून जलद ऑटोफोकस अजून निघालेला नाही. व्हिडिओसाठी हेलिओसची अ‍ॅपर्चर रिंग तर फारच सोयीची. तिच्या दोन रिंगांपैकी एक न अडखळता फिरते, खटका नाही, म्हणून शॉट चालू असताना उजेड सलग कमी-जास्त करता येतो. सिनेमावाले जुन्या लेन्स नव्या आवरणात बसवून घेतात, त्यासाठी बक्कळ पैसे मोजतात. तिथे हौस चालत नाही, निर्माता हिशेब मागतो. स्टॅनली कुब्रिकनं ‘बॅरी लिंडन’साठी झाइसचं एफ/०.७ चं प्लानार...

शंकेखोर: थांबा. हे उदाहरण या वादात इतक्यांदा येतं की ते एकदाचं निकालात काढू या. ते प्लानार जुनं नव्हतं आणि दोषासाठी निवडलेलंही नव्हतं. झाइसनं साठच्या दशकात नासासाठी मोजकीच घडवली होती ती. कुब्रिकला मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करायचं होतं आणि तेवढा उजेड आत घेणारी दुसरी लेन्स नव्हती. १९७५ साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटासाठी त्यानं त्या वेळची सर्वांत पुढची काच वापरली. म्हणजे ते नवेपणाचं उदाहरण आहे. तुमच्या हेलिओसशी त्याचा संबंध नाही.

बाकीचे सिनेमावाले मात्र तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आहेत, आणि तोच मला उलटा दिसतो. छायालेखक आधी पटकथा वाचतो, मग चार-पाच संच मागवतो, त्याच नटाच्या चेहऱ्यावर, त्याच उजेडात चाचणी घेतो, आणि एखाद्या प्रसंगाला मऊ, धूसर लेन्स हवी असं ठरवतो. फोकस ओढायला वेगळा माणूस असतो. दुसऱ्या प्रसंगाला तो खणखणीत लेन्स घेतो. तिथे चित्र लेन्सला बोलावतं. हौशी माणूस घरून हेलिओस लावून निघतो आणि तिला शोभणारी झाडं शोधत फिरतो. शंभर फोटो सारखे का येतात याचं उत्तर इथेच आहे.

हौशी: क्रम उलटा आहे हे खरं, पण तो हेलिओसवाल्यांचाच आहे का? आंरी कार्तिए-ब्रेसाँनं हयातभर मुख्यतः एकच ५० मिलिमीटरची लेन्स वापरली. तोही लेन्स लावूनच घराबाहेर पडायचा. छायाचित्रणात साधन आधी येतं, विषय नंतर, आणि साधनाची मर्यादा अंगात मुरली की त्यातून नजर घडते.

शंकेखोर: मर्यादा आणि परिणाम यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक आहे. ५० मिलिमीटर म्हणजे किती दिसणार याची मर्यादा. कार्तिए-ब्रेसाँचे फोटो ५० मिलिमीटरचे म्हणून ओळखू येत नाहीत, भोवऱ्याचे फोटो भोवऱ्याचे म्हणून लगेच ओळखू येतात. मर्यादा बघणाऱ्याला दिसत नाही. परिणाम दिसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तोच तेवढा दिसतो.

हौशी: हे मला मान्य करावं लागतं, निदान एफ/२ वरच्या हेलिओसपुरतं. म्हणजे माझा बचाव आक्रसतो. टाकुमारची एफ/२.८ वरची किंचित मऊ रेषा, एकेरी कोटिंगमुळे उतरलेला विरोध (कॉन्ट्रास्ट), जुन्या काचेचा रंगाचा हलका झुकाव, यांत परिणाम इतका कमी असतो की बघणारा लेन्सचं नाव घेत नाही, तरी चेहरा वेगळा येतो. जुन्या लेन्सची खरी जागा मला तिथे दिसते. पण तिथेही तुम्ही म्हणाल, हे नंतर करता येतं.

शंकेखोर: म्हणणारच. रॉ फाइलमध्ये विरोध उतरवणं, रंग कलवणं, कडा मऊ करणं हा मिनिटभराचा खेळ आहे, आणि तो पुसता येतो. तुमच्या लेन्सनं जो तपशील टिपलाच नाही तो कुठून आणायचा? सावल्यांत सांडलेला उजेड त्या उजळ करतो, पण त्यांत नवं काही भरत नाही, उलट होतं ते झाकतो. आणि हा न पुसता येणारा निर्णय सोसतो कोण? फोटो काढणारा हौस भागवून घरी जातो. ज्याचा चेहरा, ज्याचं लग्न, ज्याच्या आजोबांचा शेवटचा फोटो, त्याच्या वाट्याला मऊ कडा आणि हुकलेला डोळा येतो. वीस वर्षांनी त्या घरातल्या कोणाला आजोबांच्या हातावरचं गोंदण वाचायचं असेल, तेव्हा लेन्सच्या स्वभावाचं कौतुक कोण ऐकणार?

हौशी: गोंदणासाठी मी एफ/८ वर जाईन, आणि मघाशी तुम्हीच म्हणालात की तिथे ती आजच्यासारखीच आहे. पण तुमचा आक्षेप टाळत नाही. ज्याचा फोटो आहे त्याच्या वाट्याचा निर्णय त्याला न विचारता घेऊ नये, हे मला पटतं. मात्र ते दुसऱ्या बाजूलाही लागू करा. आजची धारदार लेन्स गालावरचं प्रत्येक रंध्र टिपते. तेही त्या माणसाला विचारून होत नाही. मग तोच छायाचित्रकार ती रंध्रं सॉफ्टवेअरनं पुसतो, तेही बहुधा विचारत नाही, आणि त्या गालाचं मेण होतं. तपशील आधी टिपून मागाहून मिटवणं हे तुमच्या लेखी प्रामाणिक, आणि कमी टिपणं मात्र अन्याय?

शंकेखोर: टिपलेलं मूळ फाइलमध्ये राहतं, एवढा फरक मला पुरेसा आहे. तुमचा एकच मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही, अंतराचा. लेन्सला बटेचं आणि फांदीचं अंतर कळतं, सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. पण तो अंदाज वर्षागणिक सुधारतो आहे. फोनमध्ये अंतर मोजणारी साधनं आलीच आहेत. ज्या दिवशी फाइलमध्ये प्रत्येक बिंदूचं खरं अंतर साठेल, त्या दिवशी हेलिओसचा भोवरा आणि बायोटारचा भोवरा एका यादीतल्या दोन नोंदी होतील, आणि हवा तो नंतर निवडता येईल. तेव्हा तुमच्या हातात काय उरेल?

हौशी: आट्यांची ती रिंग उरेल, आणि ती कारण म्हणून पुरेशी आहे असा दावा मी करणार नाही. पण मग तुमच्यापुढेही एक प्रश्न येतो. धूसरता, विरोध, रंग, फोकससुद्धा नंतर ठरवता येणार असेल, तर शटर दाबताना तुम्ही नेमकं काय ठरवता?

शंकेखोर: कुठे उभं राहायचं ते. कधी दाबायचं ते. उजेड कुठून येतोय ते. या तीन गोष्टी नंतर आणता येत नाहीत, म्हणून त्या मी तिथेच ठरवतो आणि बाकीच्या मोकळ्या ठेवतो.

हौशी: एफ/२ वर हेलिओस लावलेला माणूस कुठे उभा राहतो ते पाहा. झाडापासून माणूस किती लांब हवा, ऊन पानांमागून हवं की बाजूनं, हे भोवरा डोळ्याला दिसतोय म्हणून तो बदलतो. परिणाम आधी दिसला तर उभं राहण्याची जागा बदलते, नंतर घातला तर ती आधीच ठरून गेलेली असते. तुमच्या तीन गोष्टींतली पहिलीच लेन्सवर अवलंबून आहे.

शंकेखोर: किंवा व्ह्यूफाइंडरवर. भोवरा नंतर घालता येत असेल तर तो व्ह्यूफाइंडरमध्ये आधीही दाखवता येईल.

हौशी: येईल. मात्र त्यासाठी तो आधीच निवडावा लागेल, म्हणजे पुन्हा लेन्स लावूनच घराबाहेर पडणं आलं.

शंकेखोर: ती लेन्स घरी न येता रस्त्यातच बदलता येईल, बुरशी न लागता.